मंडईत नाचलेली बंदूक

मी एक जुनी एकनळी बंदूक आहे. बारा बोरची. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्याकडून शौर्याच्या गोष्टी ऐकायला बसला असाल तर खुशाल उठा. मी कुठल्या लढाईत गेले नाही, वाघ मारला नाही की दरोडेखोर पळवले नाहीत. मी जन्मभर रानडुकरांना भेवडावलं. तेवढंच माझं काम होतं, आणि ते करून करून मी थकले आहे.

सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्याच्या मालखान्यात असतो. मालखाना म्हणजे जप्त केलेल्या वस्तूंची खोली. माझ्या डाव्या हाताला चोरीचा एक मोटरपंप आहे, उजव्या हाताला मोहाच्या दारूचे रिकामे डबे आहेत. डबे रिकामे असले तरी त्यांचा वास काही जात नाही. माझ्या गळ्यात एक चिठ्ठी सुतळीने बांधली आहे आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील आहे. इतक्या वर्षांत गळ्यात दागिना पडला तो हा!

माझा जन्म बिहारातल्या मुंगेर गावचा. तिथे कारागिरांनी माझी नळी घासली, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला आणि माझ्या अंगावर एक नंबर ठोकला. ठोकताना दुखलं. तेव्हा मला वाटलं, हा कसला छळ? पुढे कळलं की आम्हा बंदुकांचं खरं नाव तोच नंबर असतो. तो नंबर ज्याच्या परवान्यावर लिहिलेला असेल, त्याच्याच हातात आम्ही राहायचं. दुसऱ्याच्या हातात गेलो की आम्ही गुन्हा होतो. मधलं काही नसतं.

माझ्या पहिल्या धन्याचं नाव बाबुलाल. भंडारा जिल्ह्यात सिहोऱ्याहून बपेऱ्याकडे जाताना आत एक लहानसं गाव लागतं, तिथला तो धानाचा शेतकरी. त्याचं वावर अगदी जंगलाला लागून. खाली बोडी म्हणजे लहानसं तळं, वर बांध्या म्हणजे धानाची खाचरं, आणि धुऱ्याच्या बांधापलीकडे थेट झाडी. धान लोंबीवर आलं की रानडुकरांचे कळप उतरायचे. डुकरं खातात थोडं आणि लोळून नासवतात जास्त. म्हणून बाबुलालने पीक संरक्षणाचा परवाना मागितला. आधी परवाना आणि मग बंदूक, हा क्रम त्याला दुकानदाराने सांगावा लागला नाही. परवाना हातात आल्यावरच तो नागपूरला, मी विकायला होते त्या दुकानात आला, आणि मला खांद्यावर घेऊन एसटीने घरी गेला. सगळी एसटी माझ्याकडे बघत होती, आणि बाबुलाल सगळ्या एसटीला परवाना दाखवत होता.

काम सोपं होतं. मचाणावर बसायचं, डुकरांची चाहूल लागली की नळी आभाळाकडे करायची आणि बार काढायचा. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. बाबुलाल त्या फंदात पडला नाही. मी नुसती ओरडायचे आणि डुकरं पळायची. सकाळी धान कापायला किंवा बोडीवर धुणं धुवायला आलेल्या बाया म्हणायच्या, "बाबुलालची बंदूक वाजली मनून झोप लागली, बाई." मला तेव्हा फार बरं वाटायचं.

बाबुलाल म्हातारा होऊन वारला. त्याचा मुलगा कवडू. मित्रांनो, या कवडूकडे नीट लक्ष द्या, कारण माझी सगळी गोष्ट त्याचीच आहे. बाप गेल्यावर घरात रडारड चालू होती, तेरवी व्हायची होती, आणि हा कवडू मला गोधडीत गुंडाळून ठाण्यात जमा करायला निघाला. भावकी चिडली. बापाची वस्तू इतक्या घाईने घराबाहेर काढतात का, म्हणून लोक बोलले. कवडू म्हणाला, "लायसन बापाच्या नावाचं होतं. बाप गेला का लायसन गेलं. आता हे घरात ठेवाचा हक्क मले नाही." धनी मेला की बंदूक जमा करायची असते, मग वारसाने नवा अर्ज करायचा असतो. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याने ते केलं.

मग त्याची जी पायपीट झाली ती विचारू नका. भंडाऱ्याला अर्ज दिला. वारसांची संमती आणली. डॉक्टरने डोळे, कान आणि डोकं ठिकाणावर असल्याचं लिहून दिलं. पोलीस गावात येऊन शेजाऱ्यांना विचारून गेले की हा माणूस भांडखोर तर नाही? शेजारी हसले. बंदूक कशी धरायची, कशी उघडायची, कुठे ठेवायची याचं शिक्षण घ्यावं लागलं. घरात मला ठेवायला कुलपाचं लोखंडी कपाट केलं. इतकं सगळं झाल्यावर त्याच्या नावाचा परवाना आला आणि मी घरी परतले. त्याची बायको सुशीलाबाई उंबऱ्यात उभी होती. तिने मला ओवाळलं नाही, उगाच खोटं कशाला सांगू? ती म्हणाली, "आली का सवत!"

माझी पुढची वर्षं घर आणि ठाणं यांच्यात हेलपाटे मारण्यात गेली. निवडणूक जाहीर झाली की बंदूक जमा करा. ग्रामपंचायत झाली, जिल्हा परिषद आली. ती झाली, विधानसभा आली. मग लोकसभा. या देशात निवडणुका काही कमी नाहीत, बाबांनो! त्यात परवान्याची मुदत संपली की नूतनीकरण. कवडूने एकही तारीख चुकवली नाही. सुशीलाबाई म्हणायची, "माह्या माहेरी जाची तारीख ध्यानात राहत नाही, हिची बराबर राहते."

म्हणजे कायद्याला कवडू पक्का होता. कच्चा कुठे होता ते आता सांगते. त्याला माणसाला नाही म्हणता येत नव्हतं.

आमच्या गावात घरातली वस्तू घराची नसते, ती गावाची असते. कोणाची शिडी, कोणाचा फवारणीचा पंप, कोणाचा लग्नात भात शिजवायचा मोठा गंज, सगळं फिरतं असतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एकाचे बैल दुसऱ्याच्या बांधीत आणि दुसऱ्याची माणसं तिसऱ्याच्या बांधीत. कोणी हिशेब ठेवत नाही. कवडू तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. एकदा शेजारचा पोरगा मुलगी पाहायला जाणार होता, तर कवडूने पायातले नवे बूट काढून दिले आणि स्वतः अनवाणी वावरात गेला. सुशीलाबाईने कपाळावर हात मारला. पण लोक कवडूला देवमाणूस म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. मला त्या कपाटात बसून कधीकधी धास्ती वाटायची. म्हटलं, एक दिवस हा मलाही देऊन मोकळा होईल.

तो दिवस मंडईचा निघाला.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाव्हणे येतात आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. दंडार म्हणजे ढोलकीवरचा नाच, गाणी आणि सोंगं. त्यात शिकाऱ्याचं सोंग दर वर्षी तुलाराम घ्यायचा. तुलाराम हा कवडूचा जिवलग मित्र, शेजारच्याच वावराचा. मोठा गमत्या माणूस. आजवर तो लाकडी फळीची बंदूक घेऊन नाचायचा. मागच्या मंडईला ती फळी नाचता नाचता मोडली आणि लोक पोट धरून हसले. तुलारामच्या ते मनाला लागलं होतं.

तो सकाळीच आला आणि ओसरीवर बसला.

"कवडू, यंदा एक दिवसासाठी तुही बंदूक दे बे. लाकडाची घेऊन उभा राहिलो का लोकं दात काढतेत."

"नाही जमत रे. ते का बैलांचं खासर हाय का, जुपलं अन् देलं?"

"रोवण्याच्या वक्ती तुहा बैल बसला, तवा म्या माही जोडी देली का नाही? म्या तुले कागद मांगतलो का?"

कवडूने बायकोला चहा टाकायला सांगितलं. मी कपाटातून ऐकत होते. 'नाही'च्या जागी चहा निघाला, तेव्हाच मी समजून गेले.

सुशीलाबाई आतून आली. तिचे हात पिठाचे होते. ती म्हणाली, "अजी, शिडी द्या, गंज द्या, मी एका शब्दानं बोलली का कधी? हे नोका देऊ. तिच्यावर तुमचं नाव हाय, तुलारामभाऊचं नाही."

"अवं, खाली हाय. काडतूस एकबी देत नाही. सोंगापुरती तं पायजे."

"खाली का भरली, हे पायणाऱ्याले समजते का?"

तुलारामचं तोंड उतरलं. तो उठून चपला घालू लागला. तो काही रागाने बोलला नाही, तेच वाईट झालं. रागाने बोलला असता तर कवडूने त्याला जाऊ दिलं असतं. पण उतरलेलं तोंड कवडूला पाहवत नसे. त्याने किल्ली काढली.

मित्रांनो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. बंदूक रिकामी होती, मग बिघडलं काय? माझ्या परवान्याच्या अटींत कुठेही रिकामी आणि भरलेली असा भेद नाही. माझं काम पिकाची राखण, माझी जागा कवडूचं वावर आणि कवडूचं कपाट, आणि माझा धनी एकटा कवडू. चौकात नाचायला मला कोणी परवाना दिला नव्हता.

त्या दुपारी मी नाचले. ढोलकी वाजत होती. तुलारामने खाकी सदरा घातला होता, काजळाची जाड मिशी काढली होती. त्याने मला डोक्यावर धरून गिरक्या घेतल्या, मग गुडघ्यावर बसून गर्दीवर नेम धरला. समोर लहान पोरं बसली होती. हातात फुगे, तोंडाला गुलाबी मिठाई. माझी नळी त्यांच्या तोंडापुढून फिरली आणि ती पोरं खिदळली. जन्मभर माझी नळी आभाळाकडे असायची. माणसाकडे ती पहिल्यांदा वळली. मी रिकामी होते, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुलारामला त्याचं काय! टाळ्या पडत होत्या, आणि कवडू कडेला उभा राहून मित्राचं कौतुक बघत होता. कितीतरी हात मोबाईल धरून वर झालेले होते.

संध्याकाळी मी पुसून कपाटात परत आले. कवडूने कुलूप लावलं आणि सुशीलाबाईला म्हणाला, "पाह्य, काही झालं का?" तोपर्यंत तुलारामचा नाच गावोगावच्या मोबाईलवर पोचला होता. खाली कोणी हौसेने लिहिलं होतं, असली बंदूक, असली शिकारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी आली. कोणी आरडाओरडा केला नाही. ठाणेदारसाहेबांनी परवाना मागितला, माझा नंबर ताडून पाहिला आणि कवडू, तुलाराम आणि मी, तिघांनाही गाडीत बसवलं. तुलारामची काजळाची मिशी अजून पुरती धुतली गेली नव्हती.

सुशीलाबाई मागून आली. तिच्याबरोबर तिचा भाऊ भैय्यालाल होता. तो मंडईसाठी पवनीहून आलेला. चार ठिकाणी फिरलेला, बोलका माणूस. त्याने कवडूला ठाण्याच्या आवारात लिंबाखाली बाजूला घेतलं. मी व्हरांड्यातल्या टेबलावर होते, मला सगळं ऐकू आलं.

"भाऊजी, डोकं चालवा. सांगा का तुम्ही वावरात होते, किल्ली खुटीवर होती, तुलारामानं न इचारता उचलून नेली. तुम्ही फिर्यादी होता. तुमचं लायसन वाचाची आशा तं राहते."

"अन् तो?"

"तो पाहील आपलं. नाचाची हौस त्याले होती, तुमाले नाही. अन् लायसन गेलं तं इचार करा, झाडीच्या तोंडावर वावर हाय तुमचं. पुढल्या साली डुकरं बांधीत पसरतीन अन् तुम्ही टाळ्या वाजवत बसान."

भैय्यालाल वाईट माणूस नव्हता. बहिणीच्या घरातल्या धानाची त्याला काळजी होती. कवडूने व्हरांड्याकडे पाहिलं. बाकावर तुलाराम बसला होता, दोन्ही हात मांड्यांत घालून. त्याने वर पाहिलं नाही. लिंबाखाली काय चाललं आहे ते त्याला कळत असावं. मग कवडूने सुशीलाबाईकडे पाहिलं. तिने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "माह्याकडे नोका पाहू. वावर जाईन तं मी रडीन. पण तुमच्या जिभेवर काय येते ते तुमचं तुम्ही पाहा."

जबाब लिहून घ्यायला ठाणेदारसाहेब बसले. कवडू हात जोडून उभा राहिला.

"सायेब, चोरी नाही झाली जी. मीच देली. किल्ली मीच काढली."

"दुसऱ्याला देता येत नाही हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं जी. सारं माहीत होतं."

"मग दिली कशाला?"

कवडूने बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्याले नाही म्हणता नाही आलं."

बाकावर बसलेला तुलाराम तोंड झाकून ढसाढसा रडू लागला. मी लोखंडाची आहे, मित्रांनो, पण त्या क्षणी मला माझ्या धन्याचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी त्याला चार थपडा द्याव्यात असंही वाटलं. असंच ठाम 'नाही' मंडईच्या सकाळी ओसरीवर म्हणाला असता तर!

कवडू खोटं न बोलल्यामुळे तुलाराम चोर ठरला नाही. पण विनापरवाना बंदूक बाळगल्याचा गुन्हा त्याच्यावर लागला आणि ती सोपवल्याचा कवडूवर. दोघांना जामीन मिळाला. तारखा अजून चालू आहेत. वरून नोटीस आली, उत्तर गेलं, आणि कवडूचा परवाना रद्द झाला. माझ्या गळ्यात सील पडलं आणि मी या खोलीत आले. इथे दिवस मोजायची सोय नाही, एरवी मी ती केलीही नसती. पावसाळ्यात भिंत पाझरते. माझ्या नळीला बारीक गंज धरला आहे. तो आधी खाज आल्यासारखा वाटतो आणि मग सवयीचा होतो.

यंदा दसऱ्याला मालखान्याचं दार उघडलं. ठाण्यात शस्त्रपूजा होती. त्यांच्या रायफली अंगणात ओळीने मांडल्या होत्या, झेंडूच्या माळा घालून. आम्हा जप्तीवाल्यांना पूजेचा मान कुठला? पण त्याच आठवड्यात मालखान्याची तपासणी व्हायची होती, म्हणून टीना मॅडम आमच्यावरची धूळ झाडायला आल्या. टीना मॅडम म्हणजे मालखाना सांभाळणाऱ्या हवालदार. पोरीच्या वयाच्या आहेत, स्वभावाने मऊ. त्यांनी मला उचलून दाराशी टेबलावर ठेवलं, आणि बाहेर पाहते तर पायरीपाशी कवडू उभा.

तो वाळला होता. हातात आपट्याची पानं होती आणि एक लहानशी तेलाची बाटली. घरी होते तेव्हा दर दसऱ्याला तो मला तेल द्यायचा. नळीतून चिंधी फिरवायचा, दस्ता पुसायचा, मग सुशीलाबाई कुंकू लावायची, सवत म्हणत म्हणत.

"या काका," टीना मॅडम म्हणाल्या. "यंदा धान कसं आहे?"

"हाय जी. अर्ध्याला डुकरं लोळून गेले. तुलाराम रोज माह्या मचाणावर बसून डबा बडवते. त्याच्या वावरात डुकरं पडले तरी माह्याच मचाणावर बसते. किती सांगतलो, आयकत नाही." मग तो माझ्याकडे पाहू लागला. "गंज धरला."

"काकांची नजर बघा! अहो, तुमचीच आहे ना? आज दसरा आहे. सीलला धक्का न लावता वरवर तेलाचा हात फिरवा, मी इथेच उभी आहे. घ्या, धरा."

आणि त्यांनी मला दोन्ही हातांवर घेऊन त्याच्यापुढे धरलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कधी कशाची इतकी आस लागली नव्हती. एवढासा हात फिरला असता तर माझा सगळा शीण गेला असता. कवडूचा हात उठलासुद्धा. मग तो थांबला. त्याने तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"नाही जी," तो म्हणाला. "मले हात नाही लावाचा. लायसन नाही माह्याजवळ."

टीना मॅडमनी मला पुन्हा टेबलावर ठेवलं. त्यांनीच चिंधी घेतली आणि मला तेल लावलं. कवडू पायरीवरून सांगत होता, "चापाच्या खाली जी. हो, तेथंच. तेथं पाणी मुरते." मॅडमचा हात नवखा होता, तेल जास्त झालं. पण झालं. मग त्याने आपट्याची पानं बाटलीशेजारी ठेवली आणि गेला. जाताना त्याचे हात पाठीमागेच होते. मला पुन्हा आत ठेवलं, दार लागलं.

आता माझं पुढे काय होईल? कवडूला परवाना परत मिळेल का, की मला भट्टीत वितळवतील? हे मी विचारणं सोडून दिलं आहे. मी खरंच दमले आहे. पण झोपण्यापूर्वी एक मागणं मागते. तुमच्या घरी कुलपाआड एखादी अशी वस्तू असेल, जिच्यावर एकाच माणसाचं नाव आहे. ती मागायला कोणी परका येणार नाही, जिवलगच येईल. त्याचं तोंड उतरेल, तो चपला घालील, रुसून निघून जाईल. त्याला जाऊ द्या. रुसलेला तुलाराम दोन दिवसांनी विडी मागायला परत आला असता हो, मी त्याला चांगली ओळखते.